एकही नवे भोक न पाडता: १९७४ च्या फियाटमधील स्टिरिओच्या कामाचा अनुभव

ज्या कामाविषयी हे लिहीत आहे, ते करणाऱ्या मिस्त्रींनी आपले नाव आणि फोन नंबर कुठेही छापायचा नाही, अशी मला सक्त ताकीद दिली आहे. महिन्याला दोनच गाड्या ते हाती घेतात आणि त्यांना तेवढे काम पुरते. त्यामुळे त्यांची ओळख एवढीच देता येईल की, नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागे एक बोळ आहे, त्यात एक अर्धे उघडे शटर आहे आणि शटरसमोर जेमतेम एक गाडी मावते. पत्ता देता येत नसताना परीक्षण कशासाठी, असे कोणी विचारील. पण जुन्या गाडीत नवा स्टिरिओ बसवून देणाऱ्यांची पुण्यात वाण नाही, आणि त्यांतले चांगले काम कोणते हे ओळखायचे कसे, हे मला स्वतःला हे काम समोर बसून पाहीपर्यंत कळलेले नव्हते.

गाडी वडिलांची, १९७४ सालची. त्याच वर्षी प्रीमियर कंपनीने या गाडीचे नाव 'पद्मिनी' ठेवले. त्याआधी ती 'प्रेसिडेंट' होती आणि त्याही आधी 'फियाट ११०० डिलाइट'. आमच्या घरात तिला पद्मिनी कोणीच म्हटले नाही, ती फियाटच राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग सीट आणि रंगवलेल्या पत्र्याचा डॅशबोर्ड. या डॅशबोर्डमुळेच सगळा प्रश्न निर्माण होतो. आजच्या गाडीत प्लास्टिकची चौकट बदलली की झाले; इथे पत्रा एकदा कापला की कापला. वेल्डिंग करून, पुटी भरून, रंग मारून तो सारखा करता येतो, पण उन्हात तिरके पाहिले की ठिगळ दिसतेच.

आमच्या गाडीवर असा एक घाव आधीच झालेला होता. वडिलांनी १९८९ मध्ये कॅसेट प्लेअर बसवून घेतला, तेव्हा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मागच्या काचेखालची फळी आणि तिच्या खालचा पत्रा कापून सहा बाय नऊ इंचांचे दोन लंबगोल स्पीकर बसवले गेले आणि प्लेअर डॅशबोर्डखाली चार पत्र्याच्या स्क्रूंनी लटकवला गेला. तोपर्यंत गाडीत होता तो फक्त मीडियम वेव्ह पकडणारा, दोन खुंट्यांचा रेडिओ. तो वडिलांनी काढू दिला नाही. त्याच्या लायसन्सचे पुस्तक, त्यात चिकटवलेल्या शुल्काच्या तिकिटांसह, अजून गाडीच्या कप्प्यात आहे; गाण्यासाठी सरकारकडून परवाना काढावा लागत असे, हे माझ्या मुलाला ते पुस्तक दाखवूनही खरे वाटत नाही.

नाना पेठेत पोहोचण्यापूर्वी मी एका मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत दुकानात गेले होते. तिथल्या मुलाने गाडीभोवती एक फेरी मारली, 'जुनी गाडी लय भारी आहे मॅडम' असे कौतुक केले आणि टेपने डॅशबोर्डवर १८० बाय ५० मिलिमीटरचा चौकोन आखायला सुरुवात केली. हे आजच्या स्टिरिओच्या तोंडाचे ठरलेले माप आहे. जुन्या रेडिओला लागत असत त्या दोन खुंट्यांच्या दोन गोल जागा आणि मधे काट्याची छोटी खिडकी. तो रेडिओ काढून तिथे नवा बसवायचा म्हणजे त्या दोन गोलांचा आणि खिडकीचा एकच मोठा आयत करावा लागतो. 'अर्ध्या तासात कटरने होऊन जाईल,' असे आश्वासन त्याने अत्यंत प्रेमळपणे दिले. मी चहासुद्धा न घेता निघाले.

नाना पेठेतल्या मिस्त्रींनी पहिल्या दिवशी स्टिरिओचे नावही काढले नाही. टॉर्च तोंडात धरून ते पुढच्या सीटवर उताणे झाले आणि पंधरा मिनिटे डॅशबोर्डच्या पोटात पाहत राहिले. मग मला खाली वाकून पाहायला सांगितले. कॅसेट प्लेअरच्या चार स्क्रूंपैकी एकाचे टोक वायरिंगच्या जुडग्यात रुतलेले होते. एका तारेचे आवरण सोलले गेले होते आणि आतले तांबे उघडे पडून काळवंडले होते. इतकी वर्षे ती तार पत्र्याला का टेकली नाही, याला उत्तर नाही. 'ताई, गाणी नंतर. आधी हे,' एवढेच ते म्हणाले, आणि ते जुडगे सोडवून, तार सोल्डर करून, वर आकसणारी नळी चढवून पुन्हा बांधण्यात त्यांनी पहिला अख्खा दिवस घालवला. त्या दिवसाची मजुरी त्यांनी वेगळी लावली नाही.

स्टिरिओ कुठे बसवायचा, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. एक मार्ग असा की जुन्या रेडिओचे खोके तसेच ठेवून त्याच्या पोटात ब्लूटूथचा छोटा बोर्ड बसवायचा. दिसायला यापेक्षा सुंदर काही नाही, पण त्यासाठी रेडिओचे मूळ काळीज काढावे लागते आणि तो पुन्हा कधीही रेडिओ म्हणून वाजत नाही. दुसरा मार्ग म्हणजे परदेशात मिळणारे, जुन्या धाटणीचे दोन खुंट्यांचे नवे स्टिरिओ. ते मूळ भोकांतच बसतात, परंतु आयात शुल्क धरून त्यांची किंमत माझ्या अंदाजपत्रकाच्या कितीतरी बाहेर जाते, आणि युरोपच्या बाजारासाठीच्या ज्या मॉडेलांत डीएबी हे डिजिटल रेडिओचे अंग असते, ते प्रसारण भारतात नसल्याने त्याचे पैसे वाया जातात. तिसरा मार्ग आम्ही निवडला: रेडिओ जागचा हलवायचा नाही आणि नवा स्टिरिओ डाव्या बाजूच्या कप्प्यात झाकणाआड ठेवायचा.

हे शक्य झाले ते सीडीची यंत्रणा नसलेल्या स्टिरिओमुळे. असे नमुने खोलीला साधारण १०० मिलिमीटर असतात, सीडीवाले त्याच्या दीडपट किंवा अधिक. मिस्त्रींनी आधी पुठ्ठ्याचा साचा करून कप्प्याचे माप घेतले, मग १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायची एक बैठक कापली आणि तिच्या कडांना जाड नमदा चिकटवला. बैठक कप्प्यात दाबून बसते. एकही स्क्रू पत्र्यात गेलेला नाही. तारा बाहेर काढायला कप्प्याच्या मागच्या पुठ्ठ्यात आधीपासून असलेली फट वापरली. झाकण लावले की गाडी १९७४ ची दिसते, आणि रेडिओचा काटा आजही ७९२ च्या आसपास, म्हणजे आकाशवाणी पुण्याच्या मीडियम वेव्हवर, थांबलेला आहे.

स्पीकरसाठी त्यांचा नियम साधा होता: जिथे भोक आहे तिथे ते वापरायचे, जिथे नाही तिथे पाडायचे नाही. मागच्या पत्र्यातली १९८९ ची भोके होतीच. त्यांच्या कडांचा गंज खरवडून, त्यावर प्रायमर लावून, त्याच भोकांत नवे लंबगोल स्पीकर प्लायच्या कड्यांवर बसवले. पुढच्या दारांना मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. फियाटच्या दारात काचेच्या कडेने पावसाचे पाणी उतरतेच आणि कागदी कोनाचा स्पीकर तिथे दोन पावसाळे काढत नाही; शिवाय दाराचा पत्रा कापला की दार लावतानाचा तो भरीव आवाजही जातो. त्याऐवजी पायाजवळच्या दोन्ही बाजूच्या पॅनेलना जे मूळ स्क्रू आहेत, त्याच स्क्रूंवर प्लायची दोन लहान खोकी उभी केली आणि त्यांत पॉलिप्रॉपिलीनच्या कोनाचे सव्वापाच इंची स्पीकर बसवले. मूळ पॅनेल काढून, कागदात गुंडाळून, मला परत दिली.

जुन्या गाडीतले स्पीकर जसेच्या तसे नव्या स्टिरिओला जोडू नयेत, ही गोष्ट मला इथे कळली आणि ती प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. जुन्या रेडिओत स्पीकरची एकच तार रेडिओकडून येई आणि दुसरे टोक गाडीच्या अंगाला, म्हणजे अर्थला, लावलेले असे. आजच्या स्टिरिओमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो. त्यांतली एक जरी बॉडीला टेकली तरी आतली आऊटपुटची चिप जळू शकते. आमच्या मागच्या स्पीकरांची वायरिंग नेमकी अशी अर्थ केलेली होती. मिस्त्रींनी ती सगळी काढून टाकून चारही स्पीकरांना स्वतंत्र जोड्या नेल्या.

विजेचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि बाहेरून सर्वांत कमी दिसणारा. माझ्या गाडीला अजून बॅटरी चार्ज करणारा मूळचा डायनॅमो आणि त्या चार्जिंगवर नियंत्रण ठेवणारी कटआऊटची पेटी आहे. इंजिन आयडलवर असताना डायनॅमो जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, त्यामुळे संध्याकाळी लक्ष्मी रस्त्यावर हेडलाइट लावून गाडी रखडली की सगळा भार बॅटरीवर येतो. हेडलाइटच नऊ-दहा अँपिअर खातात. स्टिरिओच्या खोक्यावर 'चार गुणिले ५० वॅट' असे ठळक छापलेले असले तरी तो आकडा क्षणिक शिखराचा असतो. सलग मिळणारी शक्ती प्रत्येक स्पीकरला वीस वॅटच्या आसपास असते. मिस्त्रींनी तारेतला प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावून दाखवले, तेव्हा आपण बोलू शकू इतक्या आवाजात स्टिरिओ सव्वादोन अँपिअर घेत होता. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर लावायची माझ्या मुलाची मागणी त्या मीटरनेच फेटाळली.

मुख्य तार, म्हणजे स्टिरिओची पिवळी, त्यांनी फ्यूज बॉक्समधल्या कोणत्याही जुन्या फ्यूजवर न चढवता थेट बॅटरीवरून आणली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज ठेवला. बॉनेटकडून आत येण्यासाठी नवे भोक न पाडता स्पीडोमीटरच्या केबलच्या रबरी ग्रोमेटमधूनच ती आत घेतली. काळी तारही डॅशबोर्डच्या स्क्रूला न टांगता बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेली. कुठेही तार सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळलेली नाही. ती टेप एप्रिल-मेच्या उन्हात गोंद सोडते आणि दोन वर्षांनी नुसता पीळ उरतो, हे आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलेले आहे.

हीच पिवळी तार स्टिरिओची मेमरी राखायला सतत जिवंत असते, आणि ती उभ्या गाडीची बॅटरी खाते, ही भीती मीसुद्धा बाळगून होते. बंद स्टिरिओचा प्रवाह मोजला तो ४ मिलिअँपिअर. तीन आठवडे गाडी हलवली नाही तरी हिशेबाने दोन अँपिअर-तास जातात, आणि चांगल्या बॅटरीला ते जाणवतही नाहीत. माझी बॅटरी उतरत होती ती कॅसेट प्लेअर काढताना जिवंत सोडून दिलेल्या एका तारेमुळे.

पहिल्या चाचणीत इंजिन चालू करताच स्पीकरमधून टिकटिक ऐकू आली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती वेगाने वाढू लागली. पॉइंट आणि कॉइलच्या इग्निशनची, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या जुन्या यंत्रणेची, ही नेहमीचीच खोड आहे. रेझिस्टर असलेल्या प्लग कॅप लावल्यावर ती बरीचशी गेली. उरलेली घुरघुर डायनॅमोची होती, तिच्यासाठी डायनॅमोच्या मुख्य टोकावर कंडेन्सर लावला. शेजारच्या गॅरेजमधला एक मुलगा तोच कंडेन्सर डायनॅमोच्या दुसऱ्या, म्हणजे फील्डच्या, टोकाला लावायला निघाला होता, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या हातावर चापट मारली. फील्डवर कंडेन्सर लावला की कटआऊटच्या पेटीतल्या रेग्युलेटरचे पॉइंट जळतात.

इथवरचे सगळे वर्णन बाराव्होल्टी, निगेटिव्ह अर्थ असलेल्या, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या, गाडीचे आहे. मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश घराण्यातल्या अनेक जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असते, आणि साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फोक्सवॅगन बीटल सहा व्होल्टच्या असतात. अशा गाडीत आजचा स्टिरिओ सरळ जोडणे म्हणजे त्याचा धूर काढणे. तिथे मधे वेगळा कन्व्हर्टर लागतो. आपली गाडी यांपैकी कोणती, हे मिस्त्री पहिल्या भेटीत तपासतो की नाही, यावरूनच त्याची पारख होते.

आता तक्रारी. तीन दिवसांचे काम अकरा दिवस चालले. मधे दोन दिवस मिस्त्री गावी गेले आणि फोन लागला नाही. गाडी त्या बोळात ताडपत्रीखाली उभी होती आणि वर मांजरे झोपत होती. लेखी बिल मिळाले नाही, वहीतले पान फाडून मिळाले. कप्प्याचे झाकण बंद असले की रिमोट चालत नाही. हे आधी सुचायला हवे होते, मलाही आणि त्यांनाही. फोनवर बोलण्यासाठीचा माइक त्यांनी सावलीच्या झडपेवर चिमट्याने लावला आहे, पण पन्नासच्या पुढे गाडी गेली की समोरच्याला माझ्याऐवजी फियाट ऐकू येते. त्याला इलाज नाही आणि मला तो नकोही आहे.

आणखी एक दोष घरी आल्यावर लक्षात आला. एफएमवर ९१.१ आणि ९८.३ व्यवस्थित लागत होते, पण विविध भारतीचे १०१ काही केल्या सापडेना, आकडा १००.९ वरून थेट १०१.१ वर उडी मारत होता आणि दोन्हीकडे आवाज फाटका येत होता. मीडियम वेव्हवरही ७९० नंतर एकदम ८००. स्टिरिओ अमेरिकेच्या सेटिंगवर राहिला होता: तिथे एफएमचे टप्पे ०.२ चे आणि मीडियम वेव्हचे १० किलोहर्ट्‌झचे असतात, आपल्याकडे मीडियम वेव्ह ९ च्या टप्प्याने चालते. मेन्यूत जाऊन प्रदेश बदलल्यावर दोन्ही स्टेशने लागली. मिस्त्रींना हे सांगितले तर ते म्हणाले, 'आपलं काम तारेपर्यंत. आतलं पोरांना विचारायचं.'

आवाजाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यासाठी कोणी फियाट ठेवत नाही. खडकवासल्यापर्यंत जाऊन आले. साठच्या वेगाला वाऱ्याचा, इंजिनाचा आणि त्रिकोणी काचेच्या फटीचा आवाज इतका असतो की खालचा खर्ज त्यात बुडतो, पण गाणाऱ्याचा गळा आणि तबल्याची चाट स्वच्छ ऐकू येते. पायाजवळच्या खोक्यांमुळे आवाज समोरून येतो. फक्त मागच्या स्पीकरांवर गाडी चालवताना मानेमागे कोणी गात असल्यासारखे वाटायचे, ते आता होत नाही.

एकूण खर्च १९,७०० रुपये झाला: स्टिरिओ ४,६००, पुढचे स्पीकर २,८००, मागचे ३,९००, प्लाय, तारा, फ्यूज, कंडेन्सर वगैरे १,९०० आणि मजुरी ६,५००. तारा आणि फ्यूज होल्डर मी तपकीर गल्लीतून आणले होते. त्यांतली एक गुंडाळी मिस्त्रींनी टोक सोलून, तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम आहे असे दाखवून परत पाठवली, आणि ती बदलून मिळाली हे त्या दुकानदाराच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मजुरी मोठ्या दुकानाने सांगितली होती तिच्या तिप्पट आहे. ती मला महाग वाटली नाही, आणि त्याचे कारण शेवटच्या दिवशीचा प्रसंग आहे.

गाडी ताब्यात देण्यापूर्वी मिस्त्रींनी मला स्टुलावर बसवले आणि नुकतेच पूर्ण केलेले काम माझ्यासमोर पुन्हा उलगडले. बैठक नमद्यासकट ओढून बाहेर काढली, चार जोडण्या सुटल्या, पायाजवळची खोकी निघाली, मूळ पॅनेल त्यांच्या जागी बसली, ग्रोमेटमधून तार मागे घेतली. तेवीस मिनिटे लागली. गाडीवर त्यांच्या कामाची एकही खूण उरली नव्हती. १९८९ च्या होत्या तेवढ्याच. मग त्यांनी चहा मागवला आणि सगळे पुन्हा बसवले. पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करण्याची सोय २०२१ च्या केंद्रीय नियमांनी केली आहे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात. माझी गाडी त्या वयाची झाली आहे. त्या नियमांची नजर चासी, बॉडी आणि इंजिनावर असते, स्टिरिओवर नाही, परंतु रॅलीतले परीक्षक डॅशबोर्डखाली वाकून पाहतात. मी ती नोंदणी तूर्त करणार नाही, कारण मग गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही आणि माझी फियाट अजून मंडईतून भाजी आणते. उद्या मुलाला वाटले तर त्याच्यासाठी वाट मोकळी आहे, आणि ती मोकळी ठेवायला तेवीस मिनिटे पुरतात.

कॅसेट प्लेअरचे ते चार स्क्रू मिस्त्रींनी एका पाकिटात घालून दिले आहेत. डावीकडचे खोके खड्ड्यात खडखडते, त्याच्याखाली आणखी एक नमद्याची पट्टी हवी आहे. फोन केला तेव्हा 'दसऱ्यानंतर या' असे उत्तर मिळाले.